राणी नेफरतीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांत आणि शाळांत मी प्राचीन इजिप्तवर स्लाइड्स दाखवून बोलतो. विषय पिरॅमिडचा ठेवा नाहीतर नाईल नदीचा, शेवटी हात वर होतात ते नेफरतीतीसाठी. "सर, तिचा खून झाला होता ना?" हा प्रश्न साधारण तिसरा असतो. तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नेफरतीती नेमकी कोण?

इजिप्तच्या अठराव्या राजघराण्यातला राजा अखेनातेन याची पट्टराणी. आपल्याकडचा 'पट्टराणी' हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण राजाला इतरही बायका होत्या आणि त्यांतल्या एकीचं, किया हिचं, नाव आपल्याला ठाऊक आहे. अखेनातेनने इ.स.पू. १३५३ ते १३३६ च्या सुमारास सतरा वर्षं राज्य केलं. हे आकडे अभ्यासकागणिक थोडे मागेपुढे होतात.

गादीवर आला तेव्हा त्याचं नाव आमेनहोतेप होतं, त्या नावाचा चौथा. पुढे त्याने थीब्ज या दक्षिणेकडच्या मोठ्या नगरीचा बलाढ्य देव आमुन बाजूला सारला, सूर्यबिंब म्हणजे आतेन हाच देव मानला, स्वतःचं नाव बदललं आणि नवी राजधानी वसवली. या सगळ्या उलथापालथीत नेफरतीती त्याच्या शेजारी दिसते. कधी कधी तर त्याच्या पुढेच.

नावाचा उच्चार 'नेफर्टिटी' की 'नेफरतीती'? अर्थ काय?

खरा उच्चार कुणीच करत नाही. इजिप्शियन लिपीत स्वर लिहायची पद्धत नव्हती, त्यामुळे आपल्या हाती फक्त व्यंजनं येतात आणि मधले स्वर अभ्यासकांनी सोयीसाठी भरलेले असतात. 'ट' की 'त' यावर भांडायचं कारण नाही. अर्थ मात्र स्पष्ट आहे: 'सुंदरी आली आहे'.

पुढे तिने नावात भर घातली, नेफरनेफरुआतेन. ते लिहिताना लेखनिक एक गंमत करत. इजिप्तच्या लेखनात चिन्हांची तोंडं एकाच दिशेला असतात, पण राणीच्या नावाच्या लंबगोल चौकटीत 'आतेन' हा शब्द मुद्दाम उलटा वळवून लिहिलेला असतो. त्यामुळे चौकटीत बसलेली राणीची छोटी आकृती आणि देव समोरासमोर येतात. स्लाइड नीट मोठी करून दाखवली की हे साध्या डोळ्यांनी दिसतं.

तिचे आईवडील कोण?

तिने स्वतः कुठे सांगितलेलं नाही. 'राजकन्या' ही पदवी तिला कधीच लावलेली नाही, म्हणजे ती आधीच्या राजाची मुलगी नव्हती. दरबारात आय नावाचा एक वजनदार अधिकारी होता (पुढे तो स्वतः राजा झाला). त्याची बायको तेय स्वतःला महाराणीची दूधआई म्हणवते. तेय सख्खी आई असती तर दूधआई कशाला म्हणवून घेतली असती? म्हणून बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज असा की आय हा बाप, आई लवकर गेलेली आणि तेय सावत्र आई. अंदाज पटण्यासारखा आहे, एवढंच.

एक बहीण मात्र नक्की होती, मुतबेनरेत. अमार्ना म्हणजे अखेनातेनची नवी राजधानी, तिथल्या सरदारांच्या थडग्यांतल्या चित्रांत ती दिसते आणि तिच्या मागेपुढे दोन बुटके सेवक असतात.

नेफरतीती भारतीय वंशाची होती म्हणे? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

मलाही आलं होतं, तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून. त्यातलं खरं किती आणि फोडणी किती, ते वेगळं करून सांगतो, कारण खरा भाग फोडणीपेक्षा चवदार आहे.

आजच्या उत्तर सीरिया आणि इराकच्या पट्ट्यात तेव्हा मितान्नी नावाचं राज्य होतं. तिथली प्रजा हुरियन भाषा बोलायची, पण राजांची नावं आणि काही शब्द संस्कृतच्या नात्यातले होते. हित्ती लोकांचा (त्यांचं राज्य आजच्या तुर्कस्तानात) राजा सुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा शत्तिवाझा यांच्या तहात साक्षी म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावं आहेत. किक्कुली नावाच्या मितान्नी अश्वशिक्षकाने घोडे तयार करण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. त्यात घोड्याला किती फेरे मारायला लावायचे त्याचे शब्द असे: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नावर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ. आणि 'वर्तन्न' म्हणजे आपलं आवर्तन! अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करणाऱ्याला किंवा कालव्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता नेफरतीती. मितान्नीचा राजा तुश्रत्त याने आपली मुलगी तदुखेपा इजिप्तला दिली होती. आधी अखेनातेनच्या वडिलांना, आणि ते वारल्यावर ती अखेनातेनच्या अंतःपुरात आली. 'सुंदरी आली आहे' म्हणजे परदेशातून आलेली सुंदरी, सबब तदुखेपा हीच नेफरतीती, असा तर्क जुन्या काळी काही विद्वानांनीही लढवला होता. तो आता सोडून दिलेला आहे. तिला इजिप्शियन दूधआई होती आणि सख्खी बहीण त्याच दरबारात वावरत होती. मोठी होऊन, लग्न ठरून परदेशातून आलेल्या मुलीला हे जुळत नाही.

तुश्रत्तची पत्रं मात्र जरूर वाचा. अखेनातेनच्या वडिलांनी त्याला भरीव सोन्याचे पुतळे कबूल केले होते आणि अखेनातेनने पाठवले लाकडावर सोन्याचा पत्रा चढवलेले. तुश्रत्त भयंकर चिडला. तुमच्या देशात सोनं धुळीसारखं पडलंय, मग हे काय पाठवलंत, असं त्याने थेट राजमातेला लिहून कळवलं. लग्नातल्या देण्याघेण्यावरून रुसलेल्या व्याह्याचं हे तेहतीसशेहून अधिक वर्षांपूर्वीचं पत्र मातीच्या पाटीवर अजून शाबूत आहे.

राणी म्हणून तिचा अधिकार कितपत होता?

इजिप्तच्या राण्यांना मान असे, पण हिची गोष्ट वेगळी होती. थीब्जमधल्या कर्नाक इथे अखेनातेनने सुरुवातीच्या वर्षांत आतेनची मंदिरं बांधली. पुढच्या राजांनी ती पाडून त्यांचे दगड दुसऱ्या बांधकामांत भरीला घातले, आणि त्यामुळेच ते दगड वाचले. या हजारो दगडांचे फोटो काढून संगणकाच्या मदतीने ते जुळवायचं काम १९६० च्या दशकात सुरू झालं. नैवेद्याच्या प्रसंगांची मोजदाद केली तेव्हा नेफरतीतीची चित्रं राजाच्या जवळजवळ दुप्पट भरली. तिथल्या एका मंदिरात तर देवाला नैवेद्य दाखवताना फक्त ती आणि मोठी मुलगी मेरितातेन आहेत. राजाचा पत्ताच नाही.

बॉस्टनच्या संग्रहालयात एक दगड आहे. त्यावर राजनौकेच्या भिंतीवरचं चित्र कोरलंय: राणीने शत्रूचे केस एका मुठीत धरलेत आणि दुसरा हात मारायला उगारलाय. शत्रूला असं लोळवणं हा फक्त राजाचा मान होता. तिथे राणी उभी आहे, आणि तिच्या पायाशी असलेली शत्रूही बाई आहे.

पण मला आवडतं ते बर्लिनमधलं एक छोटं दगडी फलक. घरातल्या देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं. राजा आणि राणी समोरासमोर बसलेत, वरून सूर्याचे किरण येतायत आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात. राजाच्या मांडीजवळ थोरली, राणीच्या मांडीवर मधली, आणि खांद्यावर चढलेली धाकटी आईच्या मुकुटावरच्या लटकनाशी खेळतेय. आता दोघांची आसनं बघा. उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन्ही इजिप्त एकत्र बांधल्याची राजचिन्हाची नक्षी राणीच्या आसनावर आहे. राजाचं आसन साधं.

अमार्ना म्हणजे काय? तीच राजधानी का?

हो. राजाने ठेवलेलं नाव अखेतातेन, 'आतेनचं क्षितिज'. अमार्ना हे आजचं नाव. कैरोच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटर, नाईलच्या पूर्व काठावर, डोंगरांच्या अर्धवर्तुळात. राज्याच्या पाचव्या वर्षी राजाने इथे सीमा आखल्या आणि कड्यांवर शिलालेख कोरले. त्यांत एक शपथ आहे: मी कुठेही मेलो तरी मला इथे आणून पुरा; पट्टराणी नेफरतीती दुसऱ्या कुठल्या गावी वारली तरी तिलाही इथेच आणा. ही शपथ ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

शहर झटपट उभं राहिलं. त्यासाठी दगड लहान आकारात, एका माणसाला कसाबसा उचलता येईल इतका, कापायची युक्ती केली होती. एकेक दगड साधारण हातभर लांब. तो कुणी उचलला हे गेल्या काही वर्षांत कळू लागलंय. शहराबाहेरच्या साध्या लोकांच्या दफनभूमी उकरल्या, तेव्हा पोरवयात गेलेल्यांचे सांगाडे निघाले आणि कितीतरी मणक्यांवर ओझ्याच्या खुणा. सरदारांच्या थडग्यांत भरलेली ताटं आणि नाचणाऱ्या मुली रंगवल्या आहेत. दोन्ही एकाच गावच्या.

तुतनखामुन तिचा मुलगा होता का?

चित्रांत तिच्याबरोबर दिसतात त्या सहा मुली: मेरितातेन, मेकेतातेन, आंखेसेनपातेन, धाकटी नेफरनेफरुआतेन, नेफरनेफरुरे आणि सेतेपेनरे. यांतली तिसरी पुढे पोरवयात राजा झालेल्या तुतनखामुनची बायको झाली. म्हणजे नेफरतीती त्याची सासू, हे नक्की.

आईचा प्रश्न २०१० च्या डीएनए तपासणीने सुटला असं वाटलं होतं. थीब्जजवळ राजांना पुरायची जागा म्हणजे राजांची दरी; तिथे 'केव्ही ३५' क्रमांकाच्या थडग्यात एक निनावी ममी आहे, तिला 'धाकटी स्त्री' म्हणतात. ती तुतनखामुनची आई ठरली. बाप ठरला 'केव्ही ५५' मधला पुरुष, बहुतेक अखेनातेन. आणि ही दोघं सख्खी भावंडं निघाली. नेफरतीतीला 'राजभगिनी' कुणीच म्हटलेलं नाही, त्यामुळे धाकटी स्त्री म्हणजे ती नव्हे, असा बहुसंख्यांचा निष्कर्ष.

यावर फ्रेंच अभ्यासक मार्क गाबोल्द यांचा आक्षेप आहे, आणि तो आपल्याकडच्या माणसाला चटकन कळतो. ज्या घराण्यात मामाची किंवा आत्याची मुलगी करायची रीत दोन-तीन पिढ्या चालत आलीय, तिथे चुलत-मामे भावंडांची गुणसूत्रंही सख्ख्या भावंडांसारखी दिसू शकतात. तसं असेल तर नेफरतीतीला दार पुन्हा किलकिलं होतं. मला स्वतःला बहुसंख्यांचं म्हणणं जास्त पटतं, पण पैज लावणार नाही.

तो प्रसिद्ध पुतळा कसा सापडला?

६ डिसेंबर १९१२ रोजी दुपारी, अमार्नामध्ये. लुडविग बोर्खार्ट यांच्या जर्मन तुकडीचं उत्खनन एका शिल्पकाराच्या घरात चाललं होतं. आधी मातीतून मानेचा रंग दिसला, मग अवजारं बाजूला ठेवून हातांनी माती काढली. पुतळा डोक्यावर पडलेला होता. बोर्खार्टनी त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं की वर्णन करून उपयोग नाही, पाहायलाच हवं.

शिल्पकाराचं नाव थुतमोसे. ते कसं कळलं? त्या अंगणातल्या उकिरड्याच्या खड्ड्यात घोड्याच्या डोळ्यावर लावायची एक हस्तिदंती झापड मिळाली, तिच्यावर मालकाचं नाव आणि हुद्दा कोरलेला होता. नाहीतर जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक घडवणारा निनावीच राहिला असता.

उंची दीड फुटाहून किंचित जास्त, वजन वीसेक किलो. आत चुनखडीचा दगड, वर जिप्समचा थर, त्यावर रंग.

एक डोळा का नाही? पडला का?

उजव्या डोळ्यात स्फटिक आहे, मागून काळा रंग देऊन मेणाने बसवलेला. डाव्या खोबणीत काहीच नाही, चिकटवल्याची खूणही नाही. बोर्खार्टनी खोलीतला राडारोडा पुन्हा चाळून घेतला, डोळा मिळाला नाही. बहुधा तो बसवलाच नव्हता. हा पुतळा कार्यशाळेतला नमुना असावा, शिकाऊ पोरांना बघून काम करण्यासाठी. राणीला मोतीबिंदू होता, ती कारागिरावर रुसली होती वगैरे कथांना आधार नाही. तिच्या बाकीच्या चित्रांत दोन्ही डोळे ठीकठाक आहेत.

ती खरंच इतकी सुंदर होती का?

सीटी स्कॅनमध्ये जिप्समच्या थराखाली दगडातच कोरलेला आणखी एक चेहरा दिसला. आतल्या चेहऱ्याच्या नाकाला बारीक उंचवटा आहे, ओठांच्या कडेला आणि गालावर सुरकुत्या आहेत. वरचा थर देताना थुतमोसेने त्या बुजवल्या. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. त्याच कार्यशाळेत राणीची एक छोटी उभी मूर्तीही मिळाली. ती फारशी कुणी छापत नाही. पोट सुटलेलं, स्तन ओघळलेले, ओठांचे कोपरे खाली आलेले. सहा बाळंतपणं झालेली बाई.

मग ती अचानक गायब झाली, हे खरं का?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

राज्याच्या बाराव्या वर्षी परदेशी नजराण्यांचा मोठा सोहळा झाला. त्याच्या चित्रांत राजा, राणी आणि सहाही मुली आहेत. त्यानंतर लवकरच दुसरी मुलगी मेकेतातेन गेली. डोंगरातल्या राजथडग्यात तिच्या मृतदेहापुढे आईबाप रडतानाचं चित्र आहे. आणि मग नेफरतीतीचे तारीखवार उल्लेख थांबतात. निदान तसं मानलं जात होतं.

ही रिकामी जागा गोष्टींनी भरून निघाली. कुणी म्हणालं प्लेगने मेली, कुणी खून करवला. सगळ्यात जास्त टिकली ती 'मर्जीतून उतरली' ही गोष्ट. १९२० च्या दशकात शहराच्या दक्षिणेकडच्या एका बागेतल्या वास्तूवर राणीचं नाव खोडून वर मेरितातेनचं नाव कोरलेलं सापडलं. झालं! राजाने राणीला टाकली आणि मुलीला तिच्या जागी बसवलं, असा इतिहास पुढची कित्येक दशकं पुस्तकांतून छापला गेला. नंतर ती खोडलेली अक्षरं पुन्हा नीट वाचली, तेव्हा निघालं की खोडलेलं नाव नेफरतीतीचं नव्हतंच, ते कियाचं होतं. म्हणजे मर्जीतून उतरली असेल तर धाकटी राणी. थोरलीवर इतकी वर्षं नसता आळ.

उरलेला धक्का २०१२ साली बसला. अमार्नाच्या उत्तरेला दैर अबू हिन्नीस इथे जुन्या दगडखाणी आहेत. तिथे बेल्जियमच्या अभ्यासकांना लाल गेरूने लिहिलेल्या पाच ओळी मिळाल्या, पुसट झालेल्या. मजकूर अगदीच सरकारी: सोळावं वर्ष, पुराच्या ऋतूचा तिसरा महिना, पंधरावा दिवस, राजा अमुक, पट्टराणी नेफरतीती, पुढे मंदिराच्या कामाची नोंद. म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी ती जिवंत होती आणि पट्टराणीही होती. हकालपट्टी नाही, चौदाव्या वर्षी मृत्यू नाही, काही नाही. बांधकामावरच्या कुणा कारकुनाने हजेरीबुक भरावं तसं लिहिलेलं ते, आणि त्याने शंभर वर्षांच्या कादंबऱ्या एका फटक्यात निकालात काढल्या.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, 'गायब' हा शब्द जरा जपून वापरा. अमार्ना शहर लवकरच ओस पडलं, मंदिरं पाडली गेली, नावं खोडली गेली. कागद आपल्याकडून हरवले आहेत. बाईचं काय झालं ते त्या कागदांत असणार.

नवऱ्यामागे ती स्वतः राजा झाली का?

अखेनातेन आणि तुतनखामुन यांच्यामध्ये दोन नावं येतात. एक स्मेंखकरे, तो पुरुष, मेरितातेनचा नवरा. दुसरं नाव आंखखेपेरुरे नेफरनेफरुआतेन. या दुसऱ्या राजाच्या नावात कधी कधी स्त्रीलिंगी प्रत्यय येतो आणि एक बिरुद आहे, 'आपल्या पतीच्या हिताची'. म्हणजे हा राजा बाई होता, एवढं आता जवळजवळ सर्वमान्य आहे.

कोण बाई? 'नेफरनेफरुआतेन' हे नेफरतीतीच्याच नावातलं, आणि सोळाव्या वर्षीच्या नोंदीमुळे ती जवळजवळ शेवटपर्यंत हयात होती हेही कळलं. माझं मत तिच्याच बाजूचं. मेरितातेनचं नाव घेणारेही आहेत. अडचण आहे ती एका शब्तीची, म्हणजे थडग्यात ठेवायच्या छोट्या सेवकमूर्तीची. तिचे दोन तुकडे पॅरिस आणि ब्रुकलिनच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांवर नेफरतीतीची पदवी 'पट्टराणी' अशीच आहे, राजा नव्हे. आधीच करून ठेवली असेल, असं एक उत्तर. नुसतं उत्तर, पुरावा नव्हे.

थीब्जच्या एका थडग्यात या स्त्रीराजाच्या तिसऱ्या वर्षी पावाह नावाच्या लेखनिकाची आमुन देवाला केलेली आळवणी लिहिलेली आहे. म्हणजे अखेनातेनने बंद पाडलेली आमुनची पूजा हिच्याच राज्यात पुन्हा सुरू झाली होती. ती नेफरतीती असेल, तर नवऱ्याबरोबर उभारलेला देव्हारा तिनेच हळूहळू आवरता घेतला.

हित्ती राजाला 'मुलगा पाठवा' असं पत्र लिहिणारी विधवा तीच का?

पत्र खरं आहे. सुप्पिलुलिउमाच्या मुलाने बापाच्या कारकिर्दीची हकिकत लिहून घेतली, तिच्यात ते उद्धृत केलंय. माझा पती वारला, मला मुलगा नाही, तुम्हाला पुष्कळ मुलगे आहेत म्हणतात, एक द्या, तो माझा पती होईल. माझ्या चाकराला मी पती करणार नाही. मला भीती वाटते. हित्ती राजाला खरंच वाटेना. त्याने खात्री करायला माणूस पाठवला, मग झन्नंझा नावाचा राजपुत्र रवाना केला आणि तो मारला गेला.

राणीचं नाव हित्तींनी 'दहामुंझु' लिहिलंय, पण ते नावच नव्हे. इजिप्शियन भाषेत त्याचा अर्थ 'राजपत्नी'. वारलेल्या राजाचं नाव 'निपखुरुरिया'. ते तुतनखामुनच्या राजनावाशी (गादीवर बसताना घेतलेल्या नावाशी) जुळतं, म्हणून लिहिणारी बहुधा त्याची विधवा, म्हणजे नेफरतीतीची तिसरी लेक. अखेनातेनचं राजनाव त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं आहे की काहीजण अजून आईचं नाव पुढे करतात. मला लेकच वाटते. 'चाकर' म्हणजे कोण असेल? तुतनखामुनच्या मागे गादीवर बसला तो म्हातारा आय.

तिची ममी सापडली का?

नाही. २००३ साली 'धाकटी स्त्री' हीच नेफरतीती असा दावा झाला. दोनदा टोचलेला कान, शेजारी मिळालेला केसांचा टोप असे पुरावे दिले गेले. त्या ममीचा डीएनए काय म्हणतो ते वर आलंच आहे. दरीतल्या 'केव्ही २१' मधल्या दोन स्त्री-ममींकडेही अधूनमधून बोट दाखवलं जातं. दर दोन-तीन वर्षांनी 'नेफरतीती सापडली' अशी बातमी येते. तारीख बघून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा शोधा.

तुतनखामुनच्या थडग्याच्या भिंतीमागे ती आहे म्हणतात, ते?

ही कल्पना ब्रिटिश अभ्यासक निकोलस रीव्हज यांची, २०१५ ची. थडग्याची हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी भिंतींचे बारकाईने स्कॅन केले होते. त्यांत रीव्हजना रंगाखाली दारांच्या सरळ रेघा दिसल्या. तुतनखामुन अचानक वारल्यामुळे त्याला नेफरतीतीच्या थडग्याच्या पुढच्या दालनात उरकलं, असं त्यांचं म्हणणं. तर्क वेडगळ नव्हे. थडगं राजाच्या मानाने फारच लहान आहे आणि त्यातल्या काही वस्तू, उदाहरणार्थ पोटातले अवयव ठेवायच्या चिमुकल्या सोन्याच्या पेट्या, मुळात नेफरनेफरुआतेनसाठी केलेल्या होत्या. नाव बदलून वापरल्या.

पहिल्या रडार तपासणीत पोकळी आहे म्हणाले, २०१६ च्या दुसरीत नाही. २०१८ मध्ये इटालियन पथकाने भिंतींना लागून कोणतीही खोली नाही, असं जाहीर केलं. २०२० मध्ये आणखी एका पथकाला थडग्यापासून काही मीटरवर पोकळी असावी असं वाटलं. रंगवलेली भिंत फोडून बघणं अर्थातच शक्य नाही.

आणि ती सीमालेखातली शपथ? तिच्याप्रमाणे राणीला अमार्नाच्याच डोंगरात ठेवायला हवं होतं. तिथल्या राजथडग्यात एक जादा, अर्धवट राहिलेली दालनांची रांग आहे, ती बहुधा तिच्यासाठी. शहर सोडताना तिला थीब्जला हलवलं असेल तर कुठे, हा खरा प्रश्न.

क्लिओपात्रा आणि नेफरतीती एकाच काळातल्या ना?

दोघींमध्ये सुमारे तेराशे वर्षं. ज्ञानेश्वरांपासून आपल्यापर्यंत जेवढा काळ लोटला, त्याच्या पावणेदोन पट.

पुतळा जर्मनीकडे कसा? परत का देत नाहीत?

तेव्हाच्या नियमाप्रमाणे सापडलेल्या वस्तू इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि उत्खनन करणारे यांच्यात निम्म्यानिम्म्या वाटल्या जात. जानेवारी १९१३ मध्ये वाटणी झाली, खात्याचा निरीक्षक फ्रेंच होता. बोर्खार्टनी पुतळा जिप्समचा आहे असं सांगून आणि त्यातल्या त्यात वाईट फोटो पुढे करून त्याची किंमत लपवली, असा आरोप आहे, आणि १९२४ च्या एका जर्मन टिपणाने त्याला बळ मिळालं. जर्मनीचं म्हणणं, वाटणी कायदेशीर होती. खर्च उचलणारे उद्योगपती जेम्स सिमोन यांनी १९२० मध्ये पुतळा सरकारला देऊन टाकला. लोकांसमोर आला तो १९२४ मध्ये, आणि इजिप्तने तेव्हापासून मागणी लावून धरली आहे. नंतर परत देण्याची बोलणी झाली, ती हिटलरने मोडली. त्याला पुतळा फार आवडायचा. ज्या सिमोननी तो दिला, ते ज्यू होते.

माझं मत विचाराल तर, कायद्याचा कागद जर्मनीकडे असेलही, पण वाटणीच्या टेबलावर इजिप्तच्या बाजूने बसलेला माणूसही इजिप्शियन नव्हता. यापुढे मला फारसं काही बोलावंसं वाटत नाही.

बर्लिनला गेलो तर बघायला मिळेल का?

मिळेल, नॉयेस म्युझियममध्ये. तिकीट आधी काढून जा. घुमटाच्या खोलीत ती एकटीच काचेत आहे आणि त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत. त्यामुळे तिथे लोक मोबाइल खिशात घालून नुसते उभे राहतात. मागे जाऊन मानही बघा, पुस्तकात ती बाजू छापत नाहीत.

जवळच ज्यांना दिसत नाही अशांसाठी ब्राँझची एक प्रत ठेवली आहे, हात लावून बघायची. मी गेलो होतो तेव्हा एक आजोबा तिच्यावरून सावकाश बोटं फिरवत होते. कपाळ, भुवया, उजवा डोळा. डाव्या डोळ्यापाशी बोटं थांबली, पुन्हा उजव्यावर गेली, परत डाव्यावर आली. मग त्यांनी शेजारी उभ्या नातीला हळूच काहीतरी विचारलं.